चौथी गोळी अण्णा

देहूत गाथा मंदिराचं दर्शन घेऊन कुणी चहाला टेकला, की अण्णा बाकावरून त्याच्याकडे सरकतात. "माउली, गांधीजींना गोळ्या किती लागल्या?" माउली बिचारी 'तीन' म्हणते. अण्णा कीव केल्यासारखं बघतात. "अन् चौथी?"

गावानं नाव ठेवलं ते यावरूनच. नथुराम गोडसे जागेवर पकडला गेला, गोळ्या झाडल्याचं त्यानं कोर्टात नाकारलं नाही, बेरेटा पिस्तुलाचा नंबरसुद्धा नोंदलेला आहे: ६०६८२४. अण्णांना तो पाठ आहे. सुनेचा मोबाइल नंबर नाही. सगळं इतकं जुळतंय म्हणजे कुणीतरी बसून जुळवलंय, हा त्यांचा सिद्धांत. शेजारच्या चिंचवडचे चाफेकर म्हणूनच त्यांना फारसे मानवत नाहीत. १८९७ साली गणेशखिंडीत दामोदरांनी रँडवर गोळी झाडली, बाळकृष्णांनी आयर्स्टवर. पुढं कबुली, फाशी. "त्यात शोधायला काय ठेवलंय?"

चौथ्या गोळीची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, तेव्हा अण्णांनी सगळ्यांना चहा पाजला. मार्च २०१८मध्ये ती फेटाळली, तेव्हाही पाजला. "बघा, कसं दाबलं!"

आणि हाच माणूस चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला होता! गिअरचा अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला, तरी रिपोर्टात 'ऑपरेटरची चूक' लिहून चहाच्या सुट्टीआधी फाइल बंद.

मला विचाराल तर खरं गूढ गांधीहत्येच्या कटाची चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या अहवालात आहे. जाडजूड, कंटाळवाणा, अण्णांनी तो उघडलेला नाही. म्हणून एकदा मीच सांगायला बसलो. २० जानेवारी १९४८ला बिर्ला हाउसमध्ये स्फोट झाला, मदनलाल पाहवा तिथंच सापडला. त्याच्या जबानीतून पुण्याच्या एका वर्तमानपत्राचा माग निघत होता; संपादक नथुराम. मुंबईत प्राध्यापक जैन मोरारजी देसाईंना भेटून कटाबद्दल आपल्याला ठाऊक होतं ते सांगून आले. हातात दहा दिवस होते. दिल्ली, मुंबई आणि पुणे, तिन्हीकडचे पोलीस मिळून एका संपादकाच्या दारापर्यंत पोचले नाहीत. पुढं १९६४ला ग. वि. केतकर पुण्यातल्या सभेत बोलून गेले की बेत आपल्याला आधीच कळला होता. त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा कुठं आयोग बसला.

अण्णांनी बशीतला चहा संपवला.

"दहा दिवस ना? हां, होतं हो तसं. शिफ्ट बदलताना निरोप राहतोच. यात कट कुठाय?"