विश्वसनीय सूत्रांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. विश्वसनीय सूत्र,
मु. पो. 'निर्मात्यांच्या अगदी जवळ', लंडन.

सा. न. वि. वि.

आपली समोरासमोर ओळख नाही. पण गेली कैक वर्षं रात्री साडेदहाच्या सुमाराला तुम्ही मला भेटता. मी एका मराठी दैनिकात मनोरंजनाचं पान लावतो. पान सोडायला अर्धा तास उरलेला असतो, जाहिरात ऐनवेळी रद्द झाल्याने तळाशी भलंमोठं भोक पडलेलं असतं, आणि नेमके तेव्हाच तुम्ही देवासारखे धावून येता. 'नवा जेम्स बाँड ठरला!' सोबत काळ्या बो-टायमधला एक देखणा चेहरा. भोक बुजतं, पान सुटतं, मला शेवटची लोकल मिळते. तेव्हा आधी आभार घ्या. तक्रार पुढे आहे.

तुमच्या कृपेने छापलेल्या बातम्यांची एक फाइल माझ्या खालच्या खणात आहे. काल रात्री ती चाळली. २०१६ साली टॉम हिडलस्टन 'जवळपास निश्चित' होता. मग जेम्स नॉर्टन आला, मग रेगे-जाँ पेज. मार्च २०२४ मध्ये एरन टेलर-जॉन्सनला तुम्ही थेट देकारच देऊन टाकलात, आता फक्त सहीची खोटी. मी तो आठ कॉलम बॉटम लावला होता. हेन्री कॅव्हिल तर पावसाळ्यासारखा, दर वर्षी येतोच. २००५ साली त्याने या भूमिकेसाठी खरोखरच चाचणी दिली होती, तेव्हा तो बाविशीचा, म्हणून फार लहान ठरला. आता चाळिशी ओलांडली, तर तुम्हीच म्हणता फार मोठा झाला. मधल्या काळात तो बरोबर वयाचा होता, तेव्हा सूत्रराव, आपण कुठे होतात?

इद्रिस एल्बाचं मात्र मला खरोखर लागलं. २०१४ च्या डिसेंबरात सोनी कंपनीचे चोरलेले ईमेल जगभर फुटले. त्यांत सोनीच्याच एमी पास्कलबाईंनी पुढचा बाँड एल्बा असावा असं म्हटलेलं होतं. म्हणजे तुमच्या हाती आयुष्यात एकदा कागदोपत्री काही लागलं, तेही चोरीचं. तिथून पुढे दहा वर्षं तुम्ही त्या माणसाच्या गुडघ्याला बाशिंग बांधत राहिलात आणि तो ते सोडवत राहिला. बिचाऱ्याने न मागितलेल्या नोकरीपायी स्वतःच्या रंगाची चर्चा ऐकून घेतली. पन्नाशी उलटली त्याची. तुम्ही पुढच्या स्थळाकडे निघून गेलात.

तुमच्या धंद्याची रीत आता माझ्या ध्यानात आली आहे. ब्रिटनमध्ये असल्या गोष्टींवर सट्टा लावणं कायदेशीर. उलाढाल तशी किरकोळ, त्यामुळे चार दोस्तांनी पबमध्ये बसून एकाच नावावर पैसे लावले तरी भाव हलतो. भाव हलला की बातमी. बातमी वाचून आणखी चाळीस जण लावतात. मग बुकी 'सट्टा थांबवला' असं जाहीर करतो, ती दुसरी बातमी, आणि बुकीच्या दुकानाचं नाव फुकटात आमच्या नाशिक-सोलापूर आवृत्तीपर्यंत. या सगळ्या फेऱ्यात बाँड निवडणाऱ्या माणसाला कोणी साधा फोनही केलेला नसतो. आमच्या मुंबईच्या मटक्यात निदान रोज आकडा यायचा. ओपन झालं, क्लोज झालं, माणूस बुडायचा तोही त्याच रात्री. तुमचा मटका २०२१ साली डॅनियल क्रेगचा शेवटचा बाँडपट आला तेव्हापासून नुसताच घुमतो आहे.

बरं, ही निवड आजवर झाली कशी, हे तरी तुम्हाला ठाऊक असावं. जॉर्ज लॅझेन्बी ऑस्ट्रेलियातला गाड्यांचा विक्रेता, लंडनला येऊन मॉडेल झालेला. अभिनयाचा अनुभव शून्य. हा गडी आधीचा बाँड शॉन कॉनरी याच्या न्हाव्याकडे गेला, कॉनरीसारखेच केस कापून घेतले. कॉनरीच्या शिंप्याकडे एक सूट शिवून पडला होता, कॉनरीने तो नेलाच नव्हता. तो लॅझेन्बीने अंगात चढवला, निवड करणाऱ्यांच्या कचेरीत घुसला आणि केलेल्या कामांच्या थापा मारल्या. पडद्यावरच्या चाचणीत मारामारी करताना समोरच्या पैलवानाच्या नाकाचा खराखुरा घोळणा फोडला, आणि पठ्ठ्या बाँड झाला! १९६९ चा एक चित्रपट केला आणि बाँडचे दिवस संपले असं कोणा सल्लागाराने सांगितलं म्हणून खुर्ची सोडूनही दिली. (तो सल्लागार तुमच्याच घराण्यातला असावा असा माझा दाट संशय आहे.) न्हावी, शिंपी आणि एक फुटलेलं नाक. यांतलं कोणतं 'सूत्रांच्या माहितीनुसार' आधी छापून आलं असतं?

आणि पिअर्स ब्रॉस्नन? ते पाप तर सरळ तुमच्या खात्यावर आहे. १९८६ साली त्याची निवड झाल्यातच जमा होती. त्याची 'रेमिंग्टन स्टील' ही अमेरिकी मालिका बंद झालेली, माणूस मोकळा. पण तो बाँड होणार याचा गाजावाजा झाला, मालिकेकडे पुन्हा लोकांचं लक्ष गेलं, वाहिनीने करारातलं कलम उकरून काढलं आणि मालिका जिवंत केली. निर्माते कबी ब्रॉकोली यांना दर आठवड्याला टीव्हीवर फुकट दिसणारा बाँड नको होता. भूमिका गेली टिमथी डाल्टनकडे. ब्रॉस्ननला ती मिळाली १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये. बाँड होणार या बातमीनेच माणसाचं बाँड होणं नऊ वर्षं लांबवलं. तुमच्या बायोडेटात हे ठळक टाका.

क्रेगच्या वेळी तर निवड झाल्यावरही तुम्हाला चैन पडेना. १४ ऑक्टोबर २००५ ला तो नौसैनिकांच्या बोटीतून थेम्सवरून आला, सुटावर लाइफ जॅकेट घालून. झालं! बाँड आणि लाइफ जॅकेट? केस भुरे, उंची कमी, याला गियरची गाडीसुद्धा चालवता येत नाही! वर्षभर त्या माणसाची सालटी काढली गेली. मग 'कसिनो रोयाल' आला. पुढे २०१२ च्या 'स्कायफॉल'ने शंभर कोटी डॉलरांचा आकडा ओलांडला, तेव्हा गियरचं कोणी विचारलं नाही. आमचे एक ज्येष्ठ वाचक मात्र अजून ठाम आहेत. १९८३ ला उदयपूरच्या 'ऑक्टोपसी'त रॉजर मूर पाहिला, त्यानंतर बाँड संपला, असं ते दर नव्या नावाला पोस्टकार्डावर कळवतात. त्यांची माहिती तुमच्याइतकीच पक्की असते, पण खाली सही असते.

आता खरी तक्रार. २० फेब्रुवारी २०२५. बार्बरा ब्रॉकोली आणि मायकल विल्सन या सावत्र भावंडांनी बाँडची सर्जनशील सूत्रं अॅमेझॉनच्या हाती दिली. (सूत्रं हा शब्द तिथे शोभतो.) साठेक वर्षं बाँड कोण, हे एका घराच्या जेवणाच्या टेबलावर ठरत होतं. आधी बापाच्या, म्हणजे कबी ब्रॉकोलींच्या, मग लेकीच्या. घाई नसायची. पटेपर्यंत चित्रपट थांबायचा. क्रेगला जगाने नाकं मुरडली तेव्हा बार्बराबाई ठाम राहिल्या, कारण घर त्यांचं होतं. २०२२ साली अॅमेझॉनने साडेआठशे कोटी डॉलरांना एमजीएम कंपनी घेतली, तरी स्वयंपाकघराच्या किल्ल्या या भावंडांच्याच कमरेला होत्या. त्या दिवशी त्या सुटल्या. आणि जेफ बेझोस यांनी त्याच दिवशी समाजमाध्यमावर जगालाच विचारलं, पुढचा बाँड म्हणून तुम्ही कोणाला निवडाल? वाड्याच्या किल्ल्या हातात पडल्या पडल्या नव्या मालकाने चौकात येऊन पुसावं, की आत कोणाला राहायला ठेवू?

ही होती बातमी. मी ती सिंगल कॉलम लावली. डाव्या कोपऱ्यात, राशिभविष्याच्या वर. कारण तिला चेहरा नव्हता. वरच्या पाच कॉलमांत तुमचा त्या आठवड्याचा उमेदवार डोळे बारीक करून उभा होता.

पुढे एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन निर्माते म्हणून आले. होय, त्याच पास्कलबाई, चोरीच्या ईमेलातल्या. जून २०२५ मध्ये दिग्दर्शक म्हणून 'ड्यून'वाल्या डेनी व्हिलनव्हचं नाव जाहीर झालं, मग लेखक म्हणून 'पीकी ब्लाइंडर्स'चा स्टीव्हन नाइट. ही सगळी नावं कंपनीने स्वतः सांगितली. यांचा बाँड कसा लिहिला जाईल, किती वर्षांचा असेल, शीतयुद्धातला हेर आजच्या काळात करणार काय, यावर तुमच्याकडून एक ओळ आली नाही. आले ते फोटो.

परवा डेस्कवर विषय निघाला तेव्हा लक्षात आलं, 'डॉक्टर नो' १९६२ चा आणि आमचं 'तो मी नव्हेच' हे नाटकही १९६२ चंच. इकडे एकटे पणशीकर अनेक सोंगं काढायचे, तिकडे एकच सोंग सहा जणांनी काढलं. आणि हल्ली तुमचं नाव लागलेला प्रत्येक नट मुलाखतीत 'तो मी नव्हेच' म्हणत त्या नाटकातला लखोबा लोखंडे होऊनच बसतो. फरक एवढाच, की लखोबा खोटं बोलत होता.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
पान क्र. ९

ता. क. : पुढचा फोटो जरा मोठ्या आकाराचा पाठवा. मागचा आठ कॉलमांत फुटला.