चामराजपुरमहून सांगलीस: माशांच्या तब्येतीबाबत

चामराजपुरम, मैसूरु

ती. तात्या व ती. सौ. काकू यांस,

मासा पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडमीट करतो तेव्हा तो खायला मागत नसतो. त्याला श्वास पुरत नसतो. पाणवनस्पती लावलेल्या टाकीतील बहुतेक दुखण्यांचे हे पहिले लक्षण होय. दुर्दैवाने भुकेशी त्याचे इतके साम्य आहे, की गुदमरणाऱ्या माशाच्या पुढ्यात सुक्या किड्यांची वडी टाकली जाते आणि तो खात नाही म्हणून आणखी एक टाकली जाते. सांगलीहून फोनवर "मासे वर येतात, काय घालू?" असा प्रश्न येतो, त्याला हुबळीपलीकडच्या परदेशातून एका शब्दात उत्तर देता येत नाही. औषधाच्या आधी वेळ विचारावी लागते.

पहाटे सगळे मासे वर आणि दुपारी सगळे ठणठणीत, तर प्राणवायू कमी पडतो आहे. पाणी बदलल्यावर तासाभरात धडपड सुरू झाली, तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन. टाकी नवी आहे आणि मासे दिवसभर सुस्त आहेत, तर अमोनिया किंवा नायट्राइट. बाकीचे मजेत असून एकच मासा कोपरा धरून बसला, तर त्याला खरोखर काही झालेले असण्याची शक्यता आहे. या शेवटच्या प्रकारातच औषधाचा विचार करावा. घराघरांतून मात्र उलटे चालते: निळे औषध आधी, विचार नंतर.

प्राणवायूचे गणित साधे आहे. समुद्रसपाटीला 25 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना तो साडेसातावर येतो. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून मैसूरुसारख्या समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांहून उंच गावी त्यातलाही आठ-नऊ टक्के वजा होतो. सांगली खाली आहे, त्यामुळे या एका बाबतीत तेथील मासे सुदैवी ठरतात. पण एप्रिल-मे महिन्यांत तेथील उन्हाळा ही आघाडी पुसून टाकतो. हिरव्यागार टाकीत प्राणवायू कमी कसा पडेल, हा तात्यांचा आक्षेप दिवसापुरता बरोबर आहे. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडतात, पण अंधारात त्याही माशांप्रमाणे तो घेतात. दाट झाडी असलेल्या टाकीत म्हणूनच सर्वात वाईट वेळ पहाटेची, आणि घरातील मंडळी टाकीकडे पाहतात ती चहाच्या वेळी, म्हणजे प्रकरण निवळल्यावर. झाडांसाठी कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर लावले असेल तर ते दिव्याबरोबर बंद झाले पाहिजे. लिटरमागे 30 मिलिग्रॅमच्या आसपासचे प्रमाण झाडांना मानवते. त्याच्या बरेच वर गेले की प्राणवायू भरपूर असूनही मासे धापा टाकतात. उपाय दोन्हींवर एकच: फिल्टरचे तोंड वर करून पृष्ठभाग हलता ठेवणे, आणि रात्री एअर पंप चालू ठेवणे. पंपाच्या आवाजाने झोप लागत नाही ही काकूंची तक्रार रास्त आहे. त्यावर टाकी दुसऱ्या खोलीत हलवावी, पंप बंद करू नये.

अमोनिया हा टाकीचा खरा शत्रू, आणि तो बाहेरून येत नाही. माशांचे श्वसन, विष्ठा, सडलेले पान, न खाल्लेले अन्न, हे सगळे मिळून तो तयार करतात. फिल्टरच्या स्पंजात व रेतीत वस्तीला आलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदार टाकी आणि मासे एकाच दिवशी देतो. जिवाणू देत नाही. त्यामुळे नव्या टाकीत पहिल्या पंधरवड्यात मासे मरतात, मग नवे आणले जातात, तेही मरतात, आणि घरात वास्तुदोषाची चर्चा सुरू होते. दुसऱ्याच्या जुन्या, निरोगी टाकीतला मळका स्पंज पिळून नव्या फिल्टरमध्ये ओतणे हा वास्तुशांतीपेक्षा खात्रीचा उपाय आहे. पहिल्या दिवसापासून भराभर वाढणारी झाडे, म्हणजे हायड्रिला किंवा हायग्रोफिला, दाट लावली तर तीही अमोनिया थेट खाऊन टाकतात. नायट्राइट वाढले तर माशाचे रक्त तपकिरी होते आणि प्राणवायू वाहू शकत नाही. तेथे चिमूटभर मीठ उपयोगी पडते, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. मीठ मोजून घालावे. झाडांना ते सोसत नाही.

अन्नाचे प्रमाण हा कौटुंबिक प्रश्न आहे. चामराजपुरमच्या घरात प्रत्येक पिढी मासे उपाशी असल्याच्या समजुतीने आपापल्या वेळी खाऊ घालते, आणि मासेही प्रत्येक पिढीपुढे तितक्याच निष्ठेने शेपटी हलवतात. दोन मिनिटांत संपेल इतकेच अन्न, दिवसातून एकदा, एकाच माणसाच्या हातून, हा नियम आहे. धडधाकट मोठा मासा काही दिवस न खाता सहज राहतो. एकादशीचा उपास घरात कोणाला झेपो न झेपो, माशांना निश्चित झेपतो, आणि फिल्टरला त्या दिवशी विश्रांती मिळते.

आता पाणी. मैसूरुला कावेरी व काबिनीचे पाणी येते, सांगलीला कृष्णेचे. तिन्ही नद्या पावसाळ्यात गढूळ होतात, आणि नदी गढूळ झाली की शुद्धीकरणात तुरटी व क्लोरीन वाढतात. बादलीत पाणी दिवसभर उघडे ठेवले किंवा एअर पंपाने घुसळले तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन म्हणून मिळणारे थेंब घालावेत. त्यांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असते. जुन्या फोटो स्टुडिओंतला हायपो तो हाच. बोअरचे पाणी क्लोरीनमुक्त असते, पण अनेकदा जड असते. गप्पी, मॉली यांना ते आवडते, टेट्राला नाही. आरओचे पाणी माणसांसाठी शुद्ध म्हणून माशांसाठी सर्वोत्तम, हा समज सुशिक्षित घरांत विशेष आढळतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि क्षारांबरोबर पाण्याची आम्ल सोसण्याची ताकदही गेलेली असते. या ताकदीला टेस्ट किटच्या डबीवर केएच म्हणतात. ती शून्यावर आली की पीएच एका रात्रीत घसरतो. आरओचे पाणी वापरायचेच असेल तर ते नळाच्या पाण्यात मिसळून वापरावे.

केएच समजला की सांगलीचे मासे दिवाळीत का मेले, तेही समजते. टाकीतले जिवाणू अमोनिया खाताना केएचही खर्च करतात. महिनोन्‌महिने फक्त उडालेले पाणी वरून भरले आणि जुने काढलेच नाही, तर पीएच हळूहळू खाली येतो, जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. तरीही मासे जिवंत राहतात, कारण आम्ल पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा बिनविषारी अमोनियमच्या रूपात असतो. 25 अंशांना पीएच 6.5 असताना त्यातला विषारी भाग हजारात दोनच्या आसपास असतो. पीएच 8 झाला की तो हजारात पन्नासच्या वर जातो. असे जुने पाणी म्हणजे बुडीत कर्जावर चाललेले, बाहेरून भरभराटीचे दिसणारे दुकान. दिवाळीच्या साफसफाईत घरातील उत्साही व्यक्ती निम्म्याहून जास्त पाणी काढते, नवे जड पाणी ओतते, पीएच उसळी घेतो आणि बिनविषारी होते त्यातले मासे मारण्यापुरते तासाभरात विषारी होते. त्याच वेळी फिल्टरचा स्पंज नळाखाली साबणाने पांढरा होईस्तोवर धुतला जातो, त्यामुळे ते निस्तरणारे जिवाणूही गटारात जातात. लक्ष्मीपूजनापर्यंत टाकी चकचकीत असते. पाडव्याला मासे नसतात. सफाईने मासे मरतात हा निष्कर्ष चूक आहे. मासे मरतात ते मधल्या वर्षभराच्या न-सफाईने, फक्त हिशेब एकदम येतो.

दुर्लक्षिलेल्या टाकीचे पाणी म्हणूनच रोज थोडे, दहा टक्क्यांच्या आत, आठवडाभर बदलत न्यावे. नंतर दर आठवड्याला एक चतुर्थांश पुरते. नवे पाणी जुन्याइतकेच कोमट असावे. स्पंज टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यात दोनदा पिळावा. तो पांढरा दिसला नाही तरी चालते, तो शेजाऱ्यांना दाखवायचा नसतो.

काकू मैसूरुहून पिशवीत मासे नेण्याचा विचार करीत आहेत, त्यालाही हेच रसायन लागू आहे. प्रवासात बंद पिशवीत अमोनिया साचतो, पण माशांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइडही साचतो आणि पीएच खाली ठेवतो. सांगलीला पिशवी उघडून थेंब थेंब पाणी घालीत तास काढला, तर कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो आणि मासा घरी पोहोचल्यावर विषबाधेने जातो. लांबच्या प्रवासानंतर बंद पिशवी वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, उघडताच मासा जाळीने उचलून टाकीत सोडावा आणि पिशवीतले पाणी मोरीत ओतावे. तेथील टाकीचा पीएच आधी फोनवर कळला, तर येथील दुकानातल्या टाकीशी तो आधीच जुळवून पाहता येईल.

झाडांची दुखणी माशांपेक्षा कमी नाट्यमय, पण माशांना भोवणारी. क्रिप्टोकोरीन जागा बदलली की पाने गाळते. ती वेचली नाहीत तर सडून अमोनिया देतात. मूळ जिवंत असेल तर नवी पाने येतात, म्हणून रोपटे उपटू नये. जुनी पाने पिवळी पडून त्यांना भोके पडली तर पोटॅशियम कमी आहे, नवी पाने फिकट आली तर लोह. भोके पाडल्याचा आरोप नेहमी गोगलगायींवर येतो, पण त्यांचा हात बहुधा सडक्या पानापुरताच असतो. शेवाळ मात्र उजेडाचे दुखणे आहे. दिवा सहा ते आठ तास पुरतो. मैसूरुत दसऱ्याला राजवाड्यावर लाखाच्या घरात दिवे लागतात आणि पाहुणे ते पाहून घरी परततात, तेव्हा टाकीही मध्यरात्रीपर्यंत उजळलेली ठेवली जाते. आश्विन संपेपर्यंत काचांवर हिरवा थर येतो. दसऱ्यातील बाहुल्यांच्या मांडणीत टाकी मधोमध ठेवून आत रंगवलेली मातीची बाहुली सोडण्याचा प्रघातही थांबवावा, कारण रंगात काय आहे हे बाहुली विकणाराही सांगत नाही.

येथवर तपासून पाणी निर्दोष निघाले, तरच रोगाकडे वळावे. अंगावर मिठाचे दाणे विखुरल्यासारखे पांढरे ठिपके म्हणजे इक. त्या दाण्यात परजीवी माशाच्या कातडीखाली बसलेला असतो आणि तेथे त्याला कोणतेही औषध पोहोचत नाही. तो गळून तळाशी जातो, फुटतो, आणि त्याची शेकडो पिल्ले मासा शोधत पोहतात, तेव्हाच ती औषधाने मरतात. पाणी उबदार असेल तर हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते. ठिपके नाहीसे झाले म्हणून औषध थांबवणे ही सर्वात लोकप्रिय चूक. ते नाहीसे होतात तेव्हाच पिल्ले बाहेर पडायची असतात. पाण्याचे तापमान हळूहळू 30 अंशांवर नेल्याने चक्र लवकर संपते, मात्र एअर पंप वाढवावा लागतो. तोंडाभोवती किंवा पाठीवर कापसासारखी पांढरी बुरशी दिसली आणि ती झपाट्याने पसरू लागली, तर ती बहुधा बुरशी नसून कॉलम्नॅरिस हा जिवाणू असतो. त्याला उष्णता मानवते, म्हणून इकचा उपाय येथे घातक ठरतो. खवले पाइनच्या फळासारखे उभे राहून पोट फुगले, तर मूत्रपिंडे बिघडलेली असतात. असा मासा क्वचित वाचतो, आणि तसे सांगणे हेच प्रामाणिकपणाचे.

औषध शक्यतो वेगळ्या बादलीत, फिल्टरशिवाय पण एअर पंपासह द्यावे. मिथिलीन ब्ल्यू टाकीतच ओतले तर काचेची जोडणी निळी होते आणि फिल्टरमधल्या जिवाणूंनाही ते बाधू शकते. तांब्याची औषधे कोळंबी व गोगलगायी मारतात. टेट्रा व खवले नसलेल्या तळाच्या माशांना निम्मा डोस. हळदीबाबत सांगलीच्या घराचा आग्रह जुना आहे. हळदीने पाणी पिवळे होते, मासा दिसेनासा होतो, आणि दिसत नाही म्हणून बरा झाला असे वाटते. देशी बदामाचे वाळलेले पान मात्र घालावे. ते पाणी किंचित आम्ल करते आणि चहाच्या रंगाने झाडांवरचा उजेड कमी करते. शिवाय ते फुकट मिळते.

तात्यांना विनंती, की पत्र पोहोचताच सकाळी उजाडल्यावर दिवा लावण्याआधी एकदा आणि संध्याकाळी अंधार पडण्याआधी एकदा पाणी तपासावे, किटचे रंग ट्यूबलाइटखाली नव्हे तर दिवसाच्या उजेडात पाहावेत, आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच, केएच व तापमान असे सहा आकडे उलट टपाली कळवावेत. आकडे येईपर्यंत टाकीत काहीही घालू नये, खाऊसुद्धा नाही.