उफराटे गिऱ्हाईक

ज्वारी, शेंगांची चटणी, चादरी आणि वैशाखातले ऊन एवढ्या ऐवजावर ज्या सोलापूरची ओळख मुलूखभर पसरली, त्या गावात गोड्या पाण्यातील माशांच्या परिस्थितिशास्त्राचा व्यासंग करणारी माणसे वास्तव्य करून असतील, अशी शंका परगावच्या मनुष्यास सहसा येत नाही. परंतु 1980 साली भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले, सुमारे 117 टीएमसी पाण्याचा यशवंतसागर पसरला, आणि त्या पाण्यात मासे वाढले त्याच ओघाने सोलापुरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत त्या माशांवर प्रबंध लिहिणारी मंडळीही वाढली. 2004 साली जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाल्यावर तर नोंदणीसाठी कोल्हापूरच्या वाऱ्या करण्याचेही कारण उरले नाही.

ह्या जातीचा पहिला विशेष असा की, तिच्यातील बऱ्याचशा व्यक्ती मासे खात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घराच्या चुलीला अंड्याचाही स्पर्श झालेला नाही अशा घरचा मुलगा दिवसभर चिलापीच्या आतड्यांतील शेवाळ मोजत बसतो आणि सायंकाळी अंगाला फॉर्मेलिनचा दर्प घेऊन घरी परततो, तेव्हा आई त्याला मागील दारानेच आत घेते आणि थेट न्हाणीघराची वाट दाखवते. त्यातून नळाला पाणी चार-चार दिवसांनी येणार. म्हणजे ज्या उजनीच्या पाण्यातील विद्राव्य प्राणवायूचे प्रमाण हा गृहस्थ दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत सांगू शकतो, त्याच पाण्याच्या दोन बादल्या त्याच्या स्नानाला पुरतील की नाही हे मात्र तो छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्याचे खरे दर्शन घ्यावयाचे तर भिगवण किंवा इंदापूरच्या मासळीबाजारातच घ्यावे. भल्या पहाटे लिलाव पुकारला जात असतो, व्यापारी थोर आकाराच्या कटल्यावर आणि रोहूवर बोली चढवीत असतात, आणि हा मात्र पाठीला पिशवी अडकवून त्या ढिगाच्या मागे टाकून दिलेल्या बोटभर, काटेरी, निनावी माशांपुढे उकिडवा बसलेला असतो. मोठा मासा त्याला नको. स्वस्त मासा त्याला नको. त्याला हवा असतो शेपटीचा पर न फाटलेला, खवले न झडलेला आणि शक्यतो गेल्या महिन्यात न सापडलेला मासा. “ह्यो खाणार तरी कोन, साहेब?” असे मावशी विचारतात, आणि “खायला नाही, मावशी, अभ्यासाला,” हे उत्तर ऐकून त्यांच्या मुद्रेवर जी करुणा दाटते तिच्यात कित्येकदा दोन मासे फुकट पदरात पडतात. ह्या फुकट माशांची पावती कोठून आणावी, हा प्रश्न पुढे हिशेबाच्या वेळी उपस्थित होतो.

प्रयोगशाळेत आल्यावर माशाचा रीतसर पंचनामा होतो. एकूण लांबी, शेपटी वगळून लांबी, वजन, जठरातील ऐवज, बीजकोशाची अवस्था ह्या सर्व बाबी रोजकीर्दीत रुजू केल्या जातात आणि मग लांबी व वजन ह्यांचा परस्परसंबंध काढला जातो. मासा लांबीने वाढला की त्याचे वजन साधारणपणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, हे शास्त्रास पूर्वीपासून विदित आहे. तथापि ते उजनीतही तसेच वाढते हे सिद्ध करण्यास मनुष्याची तीन ते पाच वर्षे सहज खर्ची पडतात. घातांक तीनच्या आसपास आला की सर प्रसन्न होतात, आणि फारच जवळ आला की त्यांना संशय येतो. ह्या गणिताची सवय इतकी अंगात मुरते की, लग्नमंडपात नवरदेव बोहल्यावर चढत असताना आमचा संशोधक त्याच्या उंचीशी वजनाचे मान मनातल्या मनात ताडून पाहत असतो.

पंचनाम्यातून उरलेले मासे फॉर्मेलिनमध्ये पडण्यापूर्वी त्यांतील काही अदृश्य होतात. ती हकिकत प्रयोगशाळेचे परिचर मामाच जाणतात आणि त्याबद्दल विभागात कोणीही तोंड उघडीत नाही.

सर हे ह्या जातीचे प्रौढ रूप होय. ऐन उमेदीत ते कंबरभर पाण्यात उभे राहून जाळी ओढीत असत असे सांगतात. आता ते कागदांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात. तसलमात, मंजुरी, बारनिशी, खर्चाचे दाखले ह्यांतून त्यांचे मस्तक वर येते ते केवळ “नमुने किती झाले?” एवढे विचारण्यापुरतेच.

जलाशयावरचा मुक्काम हा ह्या जीवनातील वीररसाचा भाग. पाण्यातील प्राणवायू पहाटेच्या सुमारास सर्वांत कमी असतो, म्हणून पहाटेच बाटल्या भराव्या लागतात आणि त्यांत तेथल्या तेथे विंकलरच्या पद्धतीची रसायने ओतावी लागतात. ती रसायने, तीनशे मिलिलिटरच्या काचेच्या बाटल्या आणि जाळी घेऊन एसटीत चढणाऱ्या तरुणाकडे वाहक ज्या दृष्टीने पाहतो तिचे वर्णन न केलेले बरे. तिकडे काठावर काळ्यापांढऱ्या चतकोरांची एक तबकडी दोरीने पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची वाट पाहिली जाते, रोममधील ज्योतिर्विद धर्मगुरू सेक्की याने 1865 साली पोपच्या नौकेवरून चालवलेली ही युक्ती करमाळ्याकडच्या मेंढपाळास ठाऊक असण्याचे कारण नाही, तेव्हा “काय पडलं म्हनायचं पान्यात?” असे तो आस्थेने विचारतो आणि स्वतः उडी टाकण्याची तयारी दाखवतो.

एक अन्याय मात्र येथे नमूद केला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात दख्खनची सरकारी पाहणी करणारा कर्नल साइक्स भीमेच्या खोऱ्यातील मासे जमवीत हिंडला आणि इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्याने लॅटिन वेश चढवून शास्त्रात दाखल केली. खुद्री, कोलुस, मुसल्ला ही नावे आजही जगभर चालतात. आमचा संशोधक मात्र भोयाच्या नातवापुढे उभा राहून त्याच नावांचा लॅटिन उच्चार त्यालाच शिकवतो.

1952 साली देशात आणलेली चिलापी यशवंतसागरात माजली आणि मूळच्या माशांवर गदा आली, असे तो प्रबंधाच्या उपसंहारात कळवळून लिहितो. ज्यांची चूल त्या चिलापीवर पेटते त्या कोळ्यांना तो उपसंहार कोणी वाचून दाखवीत नाही, हे एका परीने बरेच आहे. अलीकडे अंगावर कठीण कवच वागवणारा सकर मासा जाळी फाडू लागला. कोळी कपाळाला हात लावून बसला, आणि आमच्या मित्राला त्या रात्री आनंदाने झोप आली नाही. शोधनिबंधाचा विषय आयता जाळ्यात आला होता.

अखेर मौखिक परीक्षेचा दिवस उगवतो. उमेदवाराने कोट घातलेला असतो, आलेखांची मिरवणूक निघते, आणि समुद्रकाठच्या कुठल्याशा विद्यापीठातून आलेले बहिःस्थ परीक्षक चष्मा काढून, शास्त्राची सारी औपचारिकता बाजूला सारून, विचारतात, “हे सारे ठीक; पण यांतला खायला सर्वांत चांगला कोणता?” उमेदवार सरांकडे पाहतो. सर विभागप्रमुखांकडे पाहतात. विभागप्रमुख पंख्याकडे पाहतात. आणि चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभे असलेले मामा घसा खाकरून म्हणतात, “मरळ, साहेब. पर रस्साच करायचा, तळायची न्हाई.”