स्वतःचीच सही, स्वतःच साक्षीदार

आमच्या खासगी रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र म्हणजे स्वतःच लिहिलेला स्वतःचा चारित्र्याचा दाखला. सही करणाऱ्याला ओळखत नाही, म्हणून डॉकर बिल्ड पाडतो. बरोबरच आहे त्याचं. उपाय साधा: 'सर्ट्स.डी'मध्ये रजिस्ट्रीच्या नावाचं, पोर्टसकट फोल्डर, आत 'सीए.सीआरटी'. पण रनरवर दर बिल्डला डॉकर नव्याने जन्मतो, कालची ओळख विसरून. रोज कोण दाखला दाखवणार? म्हणून कुणीतरी 'इन्सिक्युअर-रजिस्ट्रीज'मध्ये नाव टाकलं. आता प्रमाणपत्र खोटं असलं तरी चालतं, मुळात नसलं तरी चालतं. शेजारी टीप: 'तात्पुरतं'. त्याला पाच दिवाळ्या झाल्या. परवा सुरक्षा-ऑडिटवाले आले. त्यांनी ती ओळ वाचली, मान डोलावली आणि वायफायचा पासवर्ड मागितला.