वाटेतल्या बेरजा

पासबुकातला वाचनीय रकाना एकच, शिल्लकेचा. जमा आणि नावे या नुसत्या नोंदी. पगाराची उंच उडी, हप्त्याची आपटी आणि वीस तारखेनंतरची घसरगुंडी, सगळं नाट्य शिल्लकेत. महिनाअखेरचा आकडा तेवढा दाखवून कुणी ‘बरा गेला महिना’ म्हणालं, तर निदान घरचे तरी विश्वास ठेवत नाहीत.

प्रोग्रॅमिंगच्या जगात ही गोष्ट सर्वांत कमी शब्दांत सांगितली ती केनेथ आयव्हरसन यांच्या एपीएल या भाषेनं. (शब्दांत म्हणणंही चूकच, ही भाषा चिन्हांवरच जगते.) तिथे +/ लिहून पुढे ३ १ ४ १ ५ मांडले की उत्तर येतं १४. तीच रेघ उलटी कलती केली, +\, की येतं ३ ४ ८ ९ १४. रेघ इकडे झुकली तर निकाल, तिकडे झुकली तर साद्यंत हकीकत. शिवाय या हकीकतीतून मागे जाता येतं: प्रत्येक आकड्यातून आधीचा वजा करत गेलं की मूळचे पाचही जण जसेच्या तसे हजर. एकट्या १४ ला विचारा, तो कुणाचंच नाव सांगणार नाही.

सुरुवात कुठून करायची, यावर मात्र भाषांचं एकमत नाही. हास्केलमधल्या स्कॅनएल या फंक्शनला पाच आकडे द्या, ते सहा परत करतं, कारण आरंभीची शिल्लक आधी लिहायची हा त्याचा शिरस्ता, मग ती शून्य का असेना. पायथॉनमध्ये अक्युम्युलेट आलं २०११ साली, आणि ते थेट पहिल्या आकड्यापासूनच मोजू लागलं. आरंभीची शिल्लक सांगण्याची सोय २०१९ मध्ये झाली. मला हास्केलचा बाणा आवडतो. हिशेब लिहायचाच, तर खिसा रिकामा होता तिथपासून लिहावा.

अशा बेरजांचा खोडकरपणा दिसतो तो दशांशात. पायथॉनला ०.१ दहा वेळा देऊन अक्युम्युलेट चालवा. तिसऱ्या पायरीवर ०.३ च्या जागी ०.३०००००००००००००००४, म्हणजे पदरात कणभर जास्तच. आठवीवर ०.७९९९९९९९९९९९९९९९, आता कणभर कमी. ०.१ हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मावतच नाही, त्यामुळे ही चिल्लर मधल्या मध्ये इकडेतिकडे होत राहते. दहाव्या पायरीला १ काही पुरा होत नाही. आणि गंमत म्हणजे त्याच पायथॉनचं सम हे फंक्शन, ३.१२ या आवृत्तीपासून सांडलेली चिल्लर वेचून परत मिळवणारी रीत वापरत असल्यामुळे, तेच दहा आकडे घेऊन साळसूदपणे सांगतं: १.० .