बिनस्टँडची सवारी

जुनी रेसिंग सायकल घेऊन रोज कामावर जायचं, हे खूळ आता मुदखेडपर्यंत आलंय. पुण्याकडच्या कुणीतरी हौसेनं घेतलेली, मग गॅलरीत टांगलेली, शेवटी निम्म्या किमतीत फुंकलेली ही सायकल. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं, टायर बोटभर रुंद, गिअर डझनाच्या वर आणि स्टँड नाही. गिअरवर मालक तासभर बोलतो. स्टँडचं विचारलं की ‘रेसच्या सायकलला नसतंच ते’ म्हणून विषय मिटवतो. आमच्या मते तो मिटत नाही. जी सायकल स्वतःच्या पायावर उभी राहत नाही, ती नोकरीला जायच्या काय कामाची?

म्हणे वजन वाचतं. कबूल. साधी काळी सायकल वीसेक किलोची, ही दहा-अकराची. स्टँड लावलं तर अर्धा किलो वाढेल. पण उभी राहत नाही म्हणून टेकवायची, नुसती टेकवली तर कुणीही उचलून नेईल, म्हणून दीड किलोची साखळी गळ्यात घालून हिंडायचं. सायकल हलकी झाली, माणूस जड झाला. रेसमध्ये स्टँड लागत नाही कारण तिथं कुणी मध्येच थांबत नाही. इथं किराण्याला थांबायचं, दवाखान्यात थांबायचं, चहाला तर थांबायचंच. शिवाय हे जंक्शन. आदिलाबादची लाईन इथूनच फुटते. स्टेशनावर सायकल लावून नांदेडची गाडी धरणारा ही सवारी ओळीतल्या शेवटच्या सायकलला टेकवून जाणार आणि संध्याकाळी अख्खी ओळ आडवी सापडणार. मग ‘स्टँड कामून काढलं हो?’ असं जो तो विचारणार. त्याला काय सांगायचं, वाऱ्याचा विरोध कमी होतो म्हणून? मृग लागला की मग तर विचारूच नका. आपली काळी माती ब्रेक आणि टायरच्या बोटभर फटीत अशी गच्च बसते की चाक फिरायचं बंद होतं. मग काडीनं ती उकरायची. उकरायला एक हात, काडी मोडली तर दुसरी शोधायला दुसरा, आणि सायकल धरायला तिसरा हात आणायचा कुठून? आणि चिखलात मुळात उतरायचं का, तर साईडपट्टी नाही म्हणून! रस्ता रुंद होतो, गुळगुळीत होतो, नारळ फुटतो, आणि कडेला मुरूम टाकायचं तेवढं राहून जातं. टाकलाच तर पहिल्या पावसात नाल्यात. डांबराची कड वीतभर उंच, मागून टिपरचा हॉर्न. सायकलवाल्यानं खाली उतरायचं, हे इथं कुणी ठरवलेलं नाही आणि तरी सगळ्यांना पाठ आहे. चार चाकांना रस्ता आणि दोन पायांना खड्डा, असा हिशेब ज्यांना जमतो त्यांनी एकदा त्या बोटभर टायरवर बसून नांदेडपर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटर करावेत. गाडी मागून येऊ द्या हवं तर.

‘निदान कुणीतरी सायकल चालवतोय, पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, हसता काय?’ असं कुणी म्हणेल. कुणीतरी कशाला? बारड म्हणा, मुगट म्हणा, आसपासच्या पोरी कधीच्या सायकलनं शाळेत जातात. सरकारी योजनेतल्या त्यांच्या सायकलींना गिअर नाहीत. कॅरिअर आहे, घंटी आहे, ओढणी अडकू नये म्हणून चेनकव्हर आहे आणि स्टँडही आहे. ऊन बेचाळीसवर जातं तेव्हाही त्यांना कुणी पर्यावरणप्रेमी म्हणत नाही. 2018 पासून 3 जूनला जागतिक सायकल दिन असतो, पण तेव्हा आपल्याकडं शाळेला सुट्टी, त्यामुळं पोरी नसतात; फेटा आपसूक बिनस्टँडवाल्याच्या डोक्यावर येतो. सत्काराला शाल, श्रीफळ, हार, म्हणजे दोन्ही हात गुंतले. सायकल धरायला मग मंडपातलं एक पोरगं बोलावतात. फोटोत त्याचा फक्त हात येतो. त्याचा सत्कार कोण करणार, तो तर रोजच सायकलवर येतो.