दहा युरोंच्या काकू

परदेशात लेकीच्या बाळंतपणाला येणाऱ्या काकूंची एक वेगळी जात आहे. व्हिसा ९० दिवसांचा, बॅग २३ किलोंची, त्यात निम्मे डिंकाचे लाडू आणि उरलेल्यात अळीव, बाळंतशेपा, वेखंड. घंगाळ तेवढं आणता आलं नाही ही हळहळ शेवटपर्यंत राहते. बाळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात झालं असेल तर या काकू जर्मनीतल्या नाताळच्या बाजारात हमखास भेटतात. ओळखायला सोप्या. अंगात जावयाचं जाकीट, बाह्या बोटांच्याही खाली. जाकिटाखाली पंजाबी ड्रेस, त्याखाली थर्मल, कानाला घट्ट मफलर, आणि एका हाताला चार वर्षांचा थोरला नातू, जो नेहमी विरुद्ध दिशेला ओढत असतो. घरी बाळ झोपलेलं असतं, बाळाची आई झोपू बघत असते आणि हा थोरला दोघांनाही झोपू देत नसतो. म्हणून त्याला ‘जरा फिरवून आणायची’ कामगिरी आजीकडे. डिसेंबरात तिकडे चार-सव्वाचारला सूर्य मावळतो. बागेत अंधार, दुकानात मोह. उरतो तो बाजार. दिवे भरपूर आणि तिकीट नाही.

आमच्या ब्रेमन शहरातल्या काकू पुण्यातल्या औंधच्या. औंधात ब्रेमन चौक आहे. त्यामुळे लेकीला ब्रेमनला नोकरी लागली तेव्हा काकूंना शहर निम्मं पाहिल्यासारखंच वाटलं होतं. इथे आल्यावर भर चौकात उभ्या असलेल्या रोलांडच्या पुतळ्याकडे त्यांनी मान वर करून पाहिलं. हा दगडी शिपाई १४०४ पासून उभा आहे आणि तो उभा आहे तोवर शहर स्वतंत्र राहील अशी इथली समजूत आहे, असं मी सांगितलं. “एवढी वर्षं उभा आहे आणि कोणी उड्डाणपुलासाठी हलवला नाही?” काकूंनी विचारलं. मग पलीकडे टाउन हॉलच्या भिंतीलगतचे ते चार प्राणी पाहिले. गाढव, त्यावर कुत्रा, त्यावर मांजर, त्यावर कोंबडा. गोष्टीतले ते चौघे ब्रेमनला जायला निघतात आणि वाटेतच एका घरात मुक्काम टाकतात. ब्रेमनला पोचतच नाहीत. काकू पोचल्या, याचं त्यांना समाधान आहे. गाढवाचे पुढचे दोन्ही पाय दोन्ही हातांनी धरून इच्छा मागायची असते. एकाच हाताने धरलं तर एक गाढव दुसऱ्या गाढवाला भेटलं, असं इथले लोक म्हणतात. काकूंच्या एका हातात नातू होता. त्यांनी तो क्षणभर माझ्याकडे दिला आणि मगच पाय धरले.

जावयाने पहिल्याच दिवशी पन्नासची नोट पुढे केली होती. काकूंनी ती परत केली. “दहा दे. पन्नास असले की पन्नास जातात.” नोट मोडली की संपली, हे त्यांचं अर्थशास्त्र. तेव्हा मोडायचीच नाही. ती दहाची नोट चौघडी करून रुमालात, रुमाल पर्समध्ये, पर्स जाकिटाच्या आतल्या खिशात आणि खिशाची चेन वरपर्यंत ओढलेली. ती बाहेर काढायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात खरेदीची इच्छा विझते. हे काकूंना माहीत आहे. तशीच व्यवस्था आहे ती.

युरो नव्वदीत होता तोवर गुणाकार अवघड जायचा आणि त्या गोंधळात एखादी वस्तू घेतली जाण्याचा धोका होता. त्याने शंभरी ओलांडली आणि धोका टळला. दोन शून्यं लावायची की झालं. लाकडी अस्वल बारा युरो, म्हणजे बाराशे. लोकरीचे पायमोजे अठरा, म्हणजे अठराशे. “आजी, इथे रुपये नसतात,” नातू समजावतो. “पैसे ते पैसेच,” आजी म्हणते आणि पुढच्या टपरीकडे वळते.

बाजार बघायची त्यांची पद्धत आहे. पहिली चक्कर न थांबता. ही नुसती पाहणी. दुसरी चक्कर वासांची. पातेल्यात साखरेत बदाम घोळवत असतात, तिथे वाऱ्याची दिशा बघून उभं राहायचं. तिसरी चक्कर चवीची. क्लाबेन नावाचा इथला बेदाण्यांनी गच्च भरलेला नाताळचा केक असतो, त्याचे तुकडे बशीत चाखायला ठेवलेले असतात. काकू एक तुकडा स्वतः घेतात, एक नातवाला देतात, डोळे मिटून चावतात आणि मान डोलावतात. विकणाऱ्या बाईला वाटतं, आता घेतील. काकू तिला हात जोडून नमस्कार करतात आणि निघतात. नमस्काराने बाई इतकी भारावलेली असते की दुसऱ्या दिवशी तीच बशी पुढे करते.

हे सगळं वाचून काकू कंजूष वाटतील. त्यांच्याबरोबर हिंडेपर्यंत मलाही वाटायच्या. आम्ही दोन वस्तू घेतो, पिशवीत टाकतो आणि घरी गेल्यावर बघतो. काकू तिथल्या तिथे बघतात. त्या एर्त्सगेबिर्गच्या डोंगराळ भागातून येणाऱ्या लाकडी मनोऱ्यासमोर उभ्या राहिल्या. खाली चार मेणबत्त्या, वर लाकडी पात्यांचा पंखा, मध्ये फिरणारे देवदूत आणि मेंढपाळ. वीज नाही, चावी नाही. काकू पुण्यात शाळेत गणित आणि शास्त्र शिकवायच्या. “ज्योतीने हवा तापली, हलकी झाली, वर गेली, पाती तिरकी आहेत म्हणून पंखा फिरला,” त्यांनी नातवाला मराठीत समजावलं. नातवाने ते शेजारच्या दोन मुलांना जर्मनमध्ये सांगितलं. त्या मुलांच्या आया थांबल्या. मनोऱ्याची किंमत तीन आकडी होती. तो काकूंनी घेतला नाही, पण त्या दोघींपैकी एकीने घेतला. विक्रेत्याने त्या दिवसापासून काकूंना खुर्ची द्यायला सुरुवात केली.

मग तो कागदी तारा. पूर्व जर्मनीतल्या हेर्नहुटचा, पंचवीस टोकांचा, आत दिवा. एकोणिसाव्या शतकात नीस्की गावच्या शाळेत मुलांना भूमिती कळावी म्हणून तो बनवायला लागले आणि १८९७ पासून बाजारात विकायला आला. गणिताचा तास म्हटल्यावर काकू तिथेच खिळल्या. टांगलेल्या ताऱ्याभोवती त्या प्रदक्षिणा घालत राहिल्या. बोटांवर मोजत. “सतरा टोकांचा पाया चौकोनी, आठांचा त्रिकोणी. म्हणून जमतं ते!” विक्रेत्याने हे आयुष्यात मोजलं नसावं. त्याने मोजलं. बरोबर निघालं. घरी गेल्यावर पुढच्या तीन-चार रात्री बाळाच्या दुधाच्या वेळा सांभाळून काकूंनी पुठ्ठा, पतंगी कागद आणि भाताच्या खळीवर तसाच तारा केला. शेवटी आकाशकंदील करायचा हात, त्याला टोकं किती याने काय फरक पडतो? खिडकीत लावला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कुठे मिळाला म्हणून विचारलं. जावयाने अभिमानाने सांगितलं. तेव्हापासून आजोबांसाठीही एक चालू आहे.

पण काकूंचा खरा मुक्काम कोपऱ्यावरच्या लोकरीच्या टपरीवर. तिथे एक सत्तरीच्या बाई विणत बसलेल्या असतात. पुढे टोप्या, मोजे, हातमोजे. लोक येतात, किंमत बघतात, एक उचलतात, जातात. काकूंनी पहिल्याच दिवशी मोजा उचलला आणि सरळ उलटा केला. आतून बघितला. गाठी कुठे लपवल्यात, टाच कशी वळवली आहे. बाईंचा विणणारा हात थांबला. बारा वर्षांत नसेल कोणी आतून मोजा बघितला. पुढचा अर्धा तास त्या दोघी बोलत होत्या, एकही भाषा सामाईक नसताना. काकू दोन बोटं सुलट दाखवायच्या, दोन उलट. बाई हसायच्या, ‘या, या’ करायच्या आणि सुयांवर करून दाखवायच्या. टाच वळवणं काकूंना चाळीस वर्षं नीट जमत नव्हतं, त्या दिवशी जमलं. मागे तीन गिऱ्हाइकं हातात पैसे घेऊन ताटकळली होती. त्यांच्याकडे दोघींपैकी कोणी पाहिलं नाही.

एका संध्याकाळी मी ग्लूवाइन पाजायचं ठरवलं. काकूंनी लांबूनच माझ्या कपाचा वास घेतला. “दालचिनी, लवंग, संत्र्याची साल. काढा आहे हा. पाण्याच्या जागी द्राक्षासव घातलंय, एवढंच.” स्वतःसाठी त्यांनी मुलांचा बिनदारूचा घेतला. मी पैसे देत होतो म्हणून हरकत नव्हती. पण किमतीत कपाची तीन युरो अनामत धरलेली आहे, कप परत केला की ती मिळते, हे कळल्यावर त्यांचं गरम पेयावरचं लक्ष उडालं. त्या आजूबाजूच्या उंच टेबलांवरचे कप बघायला लागल्या. एका टेबलावर एक रिकामा कप एकटाच होता. मालक बेपत्ता.

“विसरून गेला वाटतं. येईल.” काकू त्या कपाशेजारी उभ्या राहिल्या. दुसरं कोणी हात लावू नये म्हणून. आम्ही गोठत होतो. बराच वेळ कोणी आलं नाही. शेवटी नातवाने कप उचलून काउंटरवर नेला आणि एक-एक युरोची तीन नाणी घेऊन आला. मी म्हटलं, काकू, आज कमाई झाली. त्या दुखावल्या. “लोकांचा पैसा आहे. असा पचायचा नाही.”

मग मी त्यांना ते भोक दाखवलं. चौकात फरसबंदीत एक गोल झाकण बसवलेलं आहे. त्याच्या फटीत नाणं टाकलं की खालून त्या चार प्राण्यांपैकी एकाचा आवाज येतो. पैसे समाजकार्याला जातात. काकूंना हे चोख वाटलं. पहिलं नाणं पडलं आणि जमिनीतून गाढव ओरडलं. नातू दोन फूट उडाला. दुसऱ्याला कुत्रा भुंकला. तिसऱ्याला मांजर. नाणी संपली.

“कोंबडा!” नातू म्हणाला.

“उद्या.”

“को-म्ब-डा!” आता तो जमिनीवर बसला होता, झाकणाला कान लावून. तापमान शून्याखाली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खिशात कार्डाशिवाय काही नव्हतं. त्यांनी जाकिटाची चेन उघडली. पर्स निघाली, रुमाल निघाला, घडी उलगडली. इतका वेळ जाऊनही इच्छा विझली नाही, कारण ती त्यांची नव्हतीच. लोकरीवाल्या बाईंनी दहाचे सुटे दिले. काकूंनी ते दोनदा मोजले. कोंबडा आरवला. आणि अर्थशास्त्र खरं ठरलं. उरलेल्या नऊ युरोंची त्याच संध्याकाळी बटाट्याची धिरडी झाली, बरोबर सफरचंदाचा गोड गर. परतताना कॅथेड्रलजवळचा तो क्रॉस कोरलेला दगड दाखवायचा राहायला नको म्हणून दाखवला. तिथे लोक थुंकतात. गेशे गॉटफ्रीड नावाच्या बाईने पंधरा जणांना विष घालून मारलं होतं, १८३१ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. महापालिकेने दंड लावूनही आपल्याकडे जे थांबत नाही ते इथे प्रथा म्हणून चालतं, याने काकू आधी संतापल्या. “विष कशातून घातलं?” त्यांनी विचारलं. लोण्यातून, मी म्हटलं. “लोण्यातून!” काकूंनी इकडेतिकडे पाहिलं आणि मफलर खाली केला.

बाजार नाताळाच्या आधीच उठतो. शेवटच्या शनिवारी लेक पहिल्यांदा बाहेर पडली, बाबागाडीत बाळ. त्याच्या लोकरीच्या टोपीवर काकूंनी शिवलेली कुंची होती. हिरव्या खणाची, जरीचा काठ, आत जुन्या साडीचं मऊ अस्तर. लोकरीवाल्या बाई टपरी सोडून बाहेर आल्या. त्यांनी कुंचीचा पदर हलकेच धरला आणि उलटा केला. आतून बघितला. शिवण बघितली. मग नातवाला काहीतरी विचारलं.

महिनाभर बाजारात वावरलेला तो पोरगा आता भावांच्या बाबतीत तरबेज झाला होता. आजीला विचारायची त्याला गरज वाटली नाही. “पंचेचाळीस,” तो जर्मनमध्ये म्हणाला. बाईंनी मान हलवली आणि पाकीट काढलं.

काय चाललंय हे लेकीने सांगेपर्यंत बाळाच्या डोक्यावरून कुंची जवळजवळ निघाली होती. काकूंनी ती दोन्ही हातांनी धरली. नाही, नाही, घरची आहे, विकायची नाही. हात जोडून झाले, बाईंनी गालाला गाल लावून झाले. मग लेकीने किंमत सांगितली. काकूंनी दोन शून्यं लावली.

ट्राममध्ये त्या एक शब्द बोलल्या नाहीत. रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे काका मफलर गुंडाळून बसलेले. औंधात सोळा अंश होते.

“काय घेतलंस मग जत्रेत?” काकांनी विचारलं.

“घ्यायला कोण गेलं होतं? अहो, नीट ऐका. उद्या लक्ष्मी रोडला जा आणि खणाचा भाव विचारून या. ठोक. हिरवा आणि लाल, दोन्ही. आणि माळ्यावरचं मशीन खाली काढून त्याला तेल घालून ठेवा.”

“अगं, पण कशाला?”

“ते मी आल्यावर सांगते. आणि हे बघा, कापड जर्मनीला जायचंय हे दुकानदाराला मुळीच सांगू नका. भाव वाढवेल.”